चांगुणीचा मंगळवार

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर करंदी सोलत बसलो होतो. करंदी म्हणजे बारीक कोळंबी, सोलायला जीव जातो. माझ्या पाच होईतो चांगुणीच्या पंधरा व्हायच्या. त्यातली एकही तिला खाता येणार नव्हती. तिच्या वाट्याला नुसतं कालवणाचं पाणी, तेही फडक्यातून गाळलेलं. खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग डॉक्टरांनी सहा वर्षांमागे काढून टाकला होता आणि आता तोच रोग गळ्यात उतरला होता. तरी सोलायला बसली. सोलता सोलता म्हणाली, "परवा मंगळवार हाय. तुमीपन तुमचा गाल दाखवा." तिचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळत नसे. मी म्हणालो, "माझ्या तोंडाचं मी बघीन." ती हसली की काय, समजलं नाही. अर्ध्या तोंडाचं हसू नि रडू सारखंच दिसतं.

हे बोलणं मूळ तिचंच. "माझ्या तोंडाचा मी बघीन." कुणी म्हणालं मिशरी सोड, की हेच. सकाळी उठली की तव्यावर तंबाखू भाजायची, त्या धुरानं शेजारची म्हातारी खोकायची, आणि ही राखुंडी हिरड्यांना चोळत दारात उभी. दिवसातून चार वेळा. मी तिला बोललो नाही, कारण माझ्या गालात तंबाखूची गोळी चोवीस तास. आम्ही दोघं एका माळेचे मणी. बायको मेली की नवरा तिचं गोडच सांगतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो, ती भांडखोर होती, हट्टी होती, आणि एकदा शब्द दिला की तो पाळताना बाकी कशाची पर्वा करत नसे. त्यापायीच गेली असं मला वाटतं. पण तिच्या एकटीच्या हट्टापायी नाही.

आम्ही खाडीकाठच्या बोनकोड्याचे. शेत आणि मिठागर नव्या शहराखाली गेलं. मी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायला लागलो, ती टोपली घेऊन सोसायट्यांमधून मासळी विकायला लागली. पन्नाशीच्या आत तिचे सगळे दात गेले. दात गेले तशी हाळी गेली. "बोंबील घ्या" म्हणायची तर तोंडातून नुसता वारा. जिन्यावरची पोरं तिची नक्कल करायची आणि ती त्यांच्या अंगावर खवल्याचं पाणी उडवायची.

एकदा एका बिल्डिंगमधून एक काळीसावळी पोरगी खाली आली. मासे बघितलेच नाहीत.

"मावशी, काय करायलात? तोंड उघडा बरं जरा."

"बोंबील घेतेस का माझा तोंड घेतेस?"

"तोंडच पाहिजे."

ती सुजाता. मराठवाड्यातल्या बौद्ध घरातली, तिच्या गावातून डॉक्टर झालेली पहिली मुलगी. दाताची डॉक्टर होऊनही पुढे आणखी शिकत होती, कवळ्या करण्याचं शिक्षण. कॉलेज खाडीपलीकडे मुंबईत. दर मंगळवारी ती आणि तिच्याबरोबरची पोरं कॉलेजच्या वाशीच्या केंद्रात पेशंट बघायची. तिनं आम्हाला नीट समजावलं. शेवटच्या परीक्षेत प्रत्येकानं आपापला बिनदाताचा माणूस आणायचा, आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत रोज थोडं थोडं करत त्याला अख्खी कवळी बसवायची. माणूस आला नाही, तर विद्यार्थी नापास. तिचा आधीचा पेशंट एक वॉचमन होता. तो तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या लग्नाला निघून गेला आणि ही नापास झाली. बाप गावी वाट बघत होता.

चांगुणीनं ऐकून घेतलं. "मी येईन. मेली तरी येईन. तुझी परीक्षा मी बुडवनार नाय."

कवळीसाठी तोंडाचं माप द्यायला ती दोन-तीन मंगळवार गेली. मग तिच्या डाव्या गालात, मिशरी साठायची त्याच जागी, एक पांढरा डाग आला आणि त्याच्यात गाठ. मला दाखवला. मी बोट लावलं तर कडक लागलं. मी म्हटलं, पोरीला दाखव. ती म्हणाली, "दाखवला तर ती मना परीक्षेला घेनार नाय. दुसरा मानूस कुटून आननार ती? परीक्षा झाली की दाखवू." आणि तीन महिने ती केंद्रात गेली नाही. सुजाता निरोप धाडायची, आणि उत्तर द्यायला मी जायचो. "तिला ताप आहे," एकदा. "मासळीचा धंदा जोरात आहे," एकदा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण खोटं बोलायला शाळा लागत नाही. ती म्हणायची, "काका, मावशी परीक्षेला तरी येतील ना?" मी म्हणायचो, "तिचा शब्द आहे."

परीक्षेच्या दिवशी पूल ओलांडून गेलो. मोठा हॉल, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बोळकं. मी दाराशी बाकावर. सुजातानं बोटानं गाल बाजूला केला आणि तिचा हात थांबला. चांगुणी दबक्या आवाजात बोलली, पण मला ऐकू आलं.

"तू तुझा काम कर. माझ्या तोंडाचा मी बघीन."

सुजातानं हातातला मापाचा साचा खाली ठेवला. क्षणभर खिडकीकडे बघितलं. मग वळून परीक्षकांना हाक मारली. ते आले, वाकून बराच वेळ बघत राहिले, इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यांनी विचारलं असावं, दुसरा पेशंट आहे का. तिनं नाही म्हणून मान हलवली, म्हणजे पुन्हा नापास.

बाहेर येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, हे कधीपासून?"

मी म्हणालो, "आताच आलं असेल."  पण तिच्याकडे बघून म्हणालो, "तीन महिने."

"मग ताप?"

"ताप नव्हता."

ती माझ्या शेजारी बाकावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग उठली आणि म्हणाली, "चला, मावशींना वर न्यायचंय. दुसऱ्या मजल्यावर, सर्जनकडे." पुढे सर्जन मला म्हणाला की तीन महिने आधी आणली असती तर जबडा वाचला असता. ते मी चांगुणीला कधी सांगितलं नाही. आज इथे लिहितो.

ऑपरेशननंतर वर्षभर चांगुणी त्या पोरीशी बोलली नाही. "तिनं माझा शब्द मोडला." पुढच्या खेपेला सुजाता दुसऱ्याच कुणाला घेऊन पास झाली. पेढे घेऊन घरी आली. चांगुणीनं पेढा बोटावर चिरडला, चाटला, आणि दुसऱ्या हातानं तिची वेणी ओढली. तेव्हा मिटलं.

पुढे सुजाता त्याच कॉलेजात शिकवायला लागली. तिनं विचारलं, "मावशी, मंगळवारी याल का? पोरांना पुस्तकातला फोटो दाखवते, पण ती विसरतात." त्यानंतर चांगुणीचा एक मंगळवार चुकला नाही. मिशरी ऑपरेशनपासून सोडलेलीच होती. धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसायची, तोंड उघडायची आणि पोरांना बॅटरीनं बघू द्यायची. ती बोलायची, मी सांगायचो. एकदा एका पोराचा गाल फुगलेला दिसला. तिनं त्याची हनुवटी धरली. मी सांगितलं, "ती म्हणते, आधी तुझं उघड." पोरं हसली. त्याच्या गालात तंबाखूच निघाली. तो बाहेर जाऊन थुंकून आला, आणि चांगुणीनं त्याला सगळ्यांच्या पुढे उभं करून आपलं तोंड पुन्हा उघडलं. परत येताना मला म्हणाली, "तुमीपन उघडा." दिवाळीपासून माझ्या गालात खरखर होती, ते तिला कळलं होतं. मी टाळत राहिलो.

सोमवारी दुपारी ती गेली. पाणी मागितलं, मी चमचा लावला, ते घशाखाली उतरलंच नाही. संध्याकाळी जाळून आलो.

मंगळवारी सकाळी मी अंघोळ करून निघालो. भाऊ दारात आडवा आला. "सुतकात कुठं चाललास? लोक काय म्हनतील?"

"तिचा मंगळवार आहे," मी म्हणालो.

चालतच वाशीला गेलो. फाटकाजवळ गालातली गोळी थुंकली, नळावर चूळ भरली. सुजातानं मला एकट्याला बघितलं आणि तिला समजलं. तिनं पोरांना बाहेर जायला सांगितलं. मी म्हणालो, "राहू दे त्यांना. ती यायची होती, मी आलोय." आणि खुर्चीत बसून तोंड उघडलं.

तिचं बोट उजव्या गालावरून फिरलं, मग डाव्या. डाव्या बाजूला थांबलं.

"काका, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो.