मी सांगितलेली तीन नावं

साहेबानं माझा बायोडेटा उघडलाच नाही. टाइप केलेली चार पानं. त्यात अकरा वर्षांची नोकरी. त्यानं ती दोन बोटांनी बाजूला सरकवली, ड्रॉवरमधून फोटो काढले आणि माझ्यासमोर मांडले.

"यातले किती ओळखता?"

ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी. जागा पर्सोनेल मॅनेजरची. भरती, रजा, कामगारांची भांडणं, सगळं त्याच्या हातात. माझी जुनी कंपनी गुजरातला निघून गेली होती. त्या कंपनीत मी विसाव्या वर्षी क्लार्क म्हणून लागलो आणि असिस्टंट पर्सोनेल ऑफिसर झालो. अकरा वर्षं एकाच दारात. त्या दाराबाहेर मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. महिनोन् महिने अर्ज टाकले. एक म्हणाला, तुम्हाला एकाच मालकाची सवय झालीय. दुसऱ्यानं गाव विचारलं, सारसोळे ऐकलं आणि म्हणाला, वॉचमनची भरती खाली चाललीय.

माझ्याकडे एकच विद्या. माणसं नावानिशी ओळखायची. जुन्या कंपनीत कुणाचा बाप कुठल्या गावचा, कुणाची बायको बाळंतपणाला गेलीय, सगळं तोंडपाठ. म्हणून मला वाटलं, ही त्याची परीक्षा आहे.

फोटो गेटवरच्या मोर्चाचे होते. आमची जमीन गेली, खाडी गेली, आता आम्हाला कायम करा, एवढंच मागणारा मोर्चा. माणसं आमच्या गावची. ह्याच कंपनीत कंत्राटावर राबणारी.

मी बोट ठेवत गेलो. हा नामदेव. हा पांडू, पॅकिंगला आहे. ही हिराबाय. ऐटीत सांगितलं. हिराबायच्या नवऱ्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

चौथ्या फोटोत माझा सख्खा काका होता. तिथं बोट थांबलं. तेव्हा कुठे मला साहेबाच्या शेजारच्या माणसाचं पेन दिसलं. तो लिहून घेत होता.

मी म्हणालो, ह्यांना ओळखत नाही.

तिघं देऊन झाल्यावर. घरचा माणूस आल्यावर. हे मी लपवत नाही.

साहेबाला कळलं. चिडला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, "शिकलेले मॅनेजर पैशाला पासरी मिळतात हो. सारसोळ्याचा मिळत नाही."

म्हणजे माझी अकरा वर्षं त्याला नकोच होती. त्याला माझं गाव पाहिजे होतं. वाशीला कंपनीचा फ्लॅट मिळेल, म्हणाला. मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. समोरचा चहा पूर्ण प्यालो आणि थँक यू सर म्हणालो.

सोमवारी तिघांना गेटवर अडवलं. बाकी सगळे आत. वॉचमनकडच्या कागदावर तीनच नावं होती.

बुधवारी माझं नेमणुकीचं पत्र आलं. बायकोनं देवापुढं ठेवलं. मी हिराबायकडे गेलो. ती अंगणात वाळलेला जवळा गोळा करत होती. सांगितलं, तुझं नाव मीच दिलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुला तरी लागली ना नोकरी, बाला? माजं काय, मी मासली इकीन."

टोमणा नव्हता. तिनं खरंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. तो आवाज अजून माझ्या घरात राहतो. जेवायला बसलो की समोर बसतो.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन साहेबाकडे गेलो. त्याला वाटलं, रुजू व्हायला आलोय. खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

"आधी तिघांना आत घ्या. मग माझ्या कामाचं विचारा."

भावनेच्या भरात करिअर घालवू नका, म्हणाला. मी पत्र टेबलावर टाकलं आणि गेटवर आलो. तिथं पाळी सुटल्यावर तिघांसोबत आमची माणसं बसली होती. सगळ्यांदेखत सांगितलं, नावं मी दिली. काका उठून चालता झाला. पांडू माझ्या पायाशी थुंकला. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायलाही नको होता.

तेव्हापासून रस्त्यात कुणाला हाक मारायला तोंड उघडतो आणि नाव घशात अडकतं. वाटतं, कुणीतरी लिहून घेतंय.

हे माफीसाठी लिहीत नाही. आमची पोरं आता शिकतायत, उद्या मोठ्या जागांच्या मुलाखतींना जातील. त्यांनी वाचावं. तुमच्या कामाबद्दल विचारलं तर छाती पुढे काढून बोला. तुमच्या माणसांबद्दल विचारलं तर उठा. लगेच उठा. खरी नावं मी ह्या पत्रकातही दिलेली नाहीत. कुठल्याच कागदावर देणार नाही.

ते तिघं अजून बाहेर आहेत. मी मिठागरावर मीठ ओढतो आणि पाळी संपली की त्यांच्या शेजारी गेटवर जाऊन बसतो. ते माझ्यापासून लांब सरकून बसतात. बसू देत. ते आत जाईपर्यंत मी कुठल्याच कंपनीची पायरी चढणार नाही.