नारळाचा मानकरी

नाशिकरोडच्या नवयुग फुटबॉल क्लबनं गोदावरी चषक जिंकला तो अठ्ठ्याहत्तर सालच्या हंगामात. त्या हंगामात सगळी वस्ती हवेत होती आणि एकच माणूस मनातून जळत होता. तो म्हणजे रंगनाथ, क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड.

रंगनाथ छापखान्यात मशीनवर होता. क्लब त्यानंच काढलेला. मैदानातले दगड वेचण्यापासून चुन्याच्या रेघा मारण्यापर्यंत सगळं त्यानं केलं होतं आणि बारा वर्षं नऊ नंबरची जर्सी दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू दिली नव्हती. एवढ्या वर्षांत नवयुगनं चषक लांबूनसुद्धा नीट पाहिला नाही ही गोष्ट वेगळी. पहिल्या फेरीत हरायचं आणि चहाच्या टपरीवर बसून रेफरीचा उद्धार करायचा, हा दरवर्षीचा शिरस्ता. तरी रंगनाथनं मनात एकच धरलेलं होतं. एकदा तरी नऊ नंबर घालून फायनल खेळायची, मग बूट खुंटीला टांगले तरी चालतील.

त्या हंगामाच्या पहिल्या मॅचला नेमका त्याचा गुडघा सुजला. कप्तान चिमाजीनं त्याच्या जागी मल्हारीला उतरवलं. मल्हारी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबागेत वाढलेला, विशीतला पोरगा, छापखान्यात नुकताच लागलेला. रंगनाथला वाईट वाटू नये म्हणून चिमाजीनं मैदानाचा नारळ त्याच्या हातून फोडून घेतला. थंडी होती, म्हणून रंगनाथ बायकोनं, वत्सलाबाईनं, विणलेला तपकिरी स्वेटर घालून गोलखांबामागच्या दगडावर बसला. मल्हारीनं तीन गोल मारले. नवयुग जिंकला, आणि रंगनाथच्या नशिबाला तिथंच कुलूप लागलं.

पुढच्या मॅचला गुडघा बरा होता. रंगनाथ बूट बांधून तयार. चिमाजी त्याच्याजवळ आला आणि डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, पोरांचं म्हणणं आहे की नारळ दादांच्याच हातचा असावा आणि दादांनी त्याच दगडावर बसावं. आणि हो, स्वेटर तोच. खेळणाऱ्या माणसांचा देवावर असतो त्याहून जास्त भरवसा असल्या गोष्टींवर असतो. जिंकलेल्या दिवशी घातलेला मोजासुद्धा ते धूत नाहीत, मग रंगनाथला कोण हलवू देणार? वर त्याला म्हणायचे मान. मानाला नाही कसं म्हणायचं? रंगनाथ गुमान बसला.

नवयुग पुन्हा जिंकला. मग जिंकतच गेला. लीगमध्ये पहिला आला, सेमी फायनलसुद्धा मारली. छापखान्यात साहेब मल्हारीला नावानं हाक मारू लागले. टपरीवाला त्याच्या चहात साखर जास्त घालू लागला. रंगनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षं घाम गाळला आपण, आणि पीक कापणार हा कालचा पोरगा!

बरं, मल्हारीचा धड राग करावा तर तीही सोय नव्हती. पोरगा गुणी. मैदानात उतरण्याआधी रंगनाथच्या पाया पडायचा, कॉर्नरला कुठं उभं राहू म्हणून विचारायचा. एकदा त्यानं गावाकडची द्राक्षं आणली. रंगनाथनं एक मणी तोंडात टाकला आणि आंबट आहेत म्हणून टोपली सरकवली. वत्सलाबाईनं चव घेतली, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, साखरेसारखी आहेत की. तुमचं तोंडच आंबट झालंय."

एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नव्हती. प्रत्येक मॅचला रंगनाथ स्वेटरच्या आत आपली जुनी नऊ नंबरची जर्सी घालून जायचा. कुणी सांगावं, हाक आली तर?

फायनल लागली देवळाली कॅम्पातल्या संघाशी. आदल्या दिवशी नारळ आणायला रंगनाथ बाजारात गेला. एरवी तो नारळ कानाशी धरून हलवायचा आणि भरपूर पाणी वाजणारा घ्यायचा. त्या दिवशी त्यानं ढिगातले सगळे हलवले आणि ज्यात पाण्याचा थेंब वाजेना, ज्याच्या डोळ्याला बुरशी धरली होती, असा एक निवडला. दुकानदार म्हणाला, तो राहू द्या, नासका निघेल. रंगनाथनं तोच पिशवीत घातला. हरू दे एकदा, त्याच्या मनात येत होतं. माझ्याशिवाय जिंकू नये यांनी. घरी येताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण नारळ बदलायला तो मागे फिरला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानाला माणसांचं कडं पडलेलं. रंगनाथनं नारळ दगडावर आपटला. आत काळाठिक्कर गर आणि अशी घाण सुटली की पुढची माणसं मागं सरली. पण चिमाजीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"नासका निघाला! अरे, देवीला पोचला नारळ! वणीच्या आईनं घेतला!"

पोरं नाचायला लागली. रंगनाथच्या कपाळाला गुलाल फासला गेला. नासका नारळ म्हणजे देवानं स्वीकारलेला नारळ, हे लहानपणापासून ऐकत आलेला माणूस मत्सराच्या भरात नेमकं तेच विसरला होता. करायला गेला काय आणि उलटे झाले पाय!

तरी कॅम्पाचा संघ चिवट होता. शेवटचा टप्पा आला तरी एक-एक अशी बरोबरी. तेवढ्यात मल्हारीच्या नडगीवर बूट बसला आणि तो कोसळला. त्याला धरून बाहेर आणला. चिमाजीनं बसलेल्यांकडे पाहिलं. पुढच्या फळीत खेळणारा तिथं एकच होता. रंगनाथ उठला. गुडघा दुखत नव्हता. काहीच दुखत नव्हतं. बारा वर्षं वाट पाहिलेल्या फायनलची हाक आली होती. त्यानं स्वेटरची कड धरली आणि वर ओढायला लागला.

"स्वेटर नका काढू!" मागून कुणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले. दादा, बसा. दादा, जागा सोडू नका.

रंगनाथनं चिमाजीकडे पाहिलं. चिमाजी खाली पाहत होता. मल्हारी लंगडत पुढं आला आणि त्यानं रंगनाथचा हात स्वेटरवरून हळूच सोडवला.

"दादा, तुमी बसा. तुमी बसलेले दिसले का मला लय बळ येतं. मी जातो."

पोरगा मनापासून बोलत होता, हेच तर वाईट. रंगनाथ खाली बसला. मल्हारी एका पायावर खेळला आणि कॉर्नरला बरोबर तिथं उभा राहिला जिथं रंगनाथनं सांगितलं होतं. डोक्यानं गोल मारला. मैदान उसळलं. रंगनाथला हुंदका फुटला तो आनंदाचा नव्हता. पण लोकांनी तो आनंदाचाच समजला.

त्यांनी मल्हारीआधी रंगनाथला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी टेंपोतून चषक वणीला गेला, तिथून देवीच्या गडावर. तिथंही ओटीचा नारळ त्याच्याच हातात दिला.

खाली उतरल्यावर फोटो निघाला. पोरांनी कालच्याच जर्स्या घातलेल्या, धुळीनं माखलेल्या. मधल्या खुर्चीत रंगनाथ, मांडीवर चषक. ऊन चढलं होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या. मल्हारी म्हणाला, "दादा, आता तर जिंकलो. आता काढा की स्वेटर."

रंगनाथनं नको म्हणून मान हलवली आणि स्वेटरचं गळ्यापाशी उघडं राहिलेलं बटण लावून टाकलं. त्या धुळीनं माखलेल्या पोरांच्या मध्ये बसून, कालपासून अंगातच राहिलेली आतली जर्सी दाखवायची त्याला लाज वाटली. तिच्यावर मातीचा एक डाग नव्हता.