वाजणारा व्हॉल्व्ह

गॅरेज दोघा भावांचं, पण गिऱ्हाइकं यायची ती थोरल्याच्या कानासाठी. गाडी फाटकातून आत वळतानाच दादा सांगून मोकळा व्हायचा, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चाललंय." उघडून बघावं तर तेच निघायचं. समोरच्या टायरवाल्याने त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. गाण्यातलं दादाला ओ की ठो कळत नसे, पण हे नाव त्याला मनापासून आवडायचं. वडील गेले तेव्हा धाकटा अजून शाळेत होता. दादाने स्वतःचं शिक्षण सोडून पाना हातात घेतला, धाकट्याला शिकवलं, आणि पुढे त्याच्याही हातात पाना दिला. "हात देता येतो, कान नाही देता येत," असं तो म्हणायचा आणि म्हणताना जरा फुगायचा. फुगेना का! आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ घासलेल्या माणसाला तेवढी तरी चैन असावी.

आणि नेमका तोच कान गेला.

एका दिवसात गेला असता तर निदान डॉक्टरकडे धावाधाव झाली असती. तो चोरपावलांनी गेला. माणसाचं मोठ्याने बोललेलं दादाला कळायचं, पण बारीक आवाज एकेक करून नाहीसे झाले. दादाचं म्हणणं, हल्लीच्या गाड्याच मुक्या निघतात आणि हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. म्हणजे सगळं जग बिघडलं होतं, तो सोडून.

धाकट्याला खरं काय ते कळलं भंगाराच्या डब्यातून. इंजिनाच्या पोटात जी वाफ आणि जो धूर साठतो, तो परत इंजिनातच ओढून घ्यायला वरच्या झाकणावर अंगठ्याएवढा एक ब्रीदर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो अडकला की गाडी ऑइल प्यायला लागते, मागून धूर सोडते आणि उभ्या जागी थरथरते. व्हॉल्व्ह तपासायची दादाची रीत साधी होती. काढायचा, धुवायचा आणि कानाशी धरून हलवायचा. आतली बारीक पिन खुळखुळली तर जिवंत, गप्प राहिली तर मेला. मेलेले सगळे एका पत्र्याच्या डब्यात जायचे. एकदा जागा करायला म्हणून धाकट्याने तो डबा उचलला आणि त्यातले कितीतरी मेलेले व्हॉल्व्ह एक-एक करून कानाशी धरून पाहिले. सगळे कसे छान वाजत होते.

त्याने डबा होता तिथेच परत ठेवला. ज्याने आपल्याला बोट धरून चालवलं त्याला तोंडावर सांगायचं तरी कसं, की दादा, तुझा कान गेला? मग त्याने पळवाट काढली. दादा दुपारी जेवायला घरी गेला की धाकटा त्याने हात लावलेल्या गाड्या गुपचूप पुन्हा तपासायचा आणि राहिलेलं नीट करून ठेवायचा. कानसेनचं कौतुक चालूच राहिलं. वहिनीने एकदा हळूच विषय काढला, "भाऊजी, यांना दारावरची बेल ऐकू येत नाही हो. माझं तर कधी ऐकत नाहीत, तुम्ही सांगून बघा." धाकटा "बघतो" म्हणाला. बघतो म्हणणाऱ्या माणसाने आजवर काय बघितलंय?

अशात नर्सबाईंची छोटी पेट्रोल गाडी आली. त्या घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायच्या. गाडी धूर सोडते म्हणून दादाने आठवड्यापूर्वीच नवा व्हॉल्व्ह बसवून दिला होता, आणि बाई ती उभ्या उभ्याच घेऊन गेल्यामुळे धाकट्याच्या तपासणीतून ती सुटली होती.

"धूर गेला हो," नर्सबाई म्हणाल्या, "पण आता शिट्टी मारते मेली! पेशंटच्या दारात थांबले की अख्खी गल्ली खिडकीत येते. या वयात हे शोभतं का मला?"

दादा हसला. त्याने बॉनेट उघडून इंजिनावर कान नेला. शिट्टी एवढी खणखणीत होती की शेजारच्या गाडीखाली आडवा होऊन काम करणाऱ्या धाकट्याच्या दातांत शिरत होती.

"कुठाय शिट्टी?" दादा म्हणाला. तरी त्याने इंजिन बंद करून व्हॉल्व्ह उपसला, कानाशी धरला आणि हलवला. "घ्या! नवाकोरा व्हॉल्व्ह आणि मेला. दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला."

"अहो, वाजतोय की तो," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हीच मागच्या वेळी शिकवलंत, वाजला की जिवंत."

दादाचा हात कानाशीच थांबला. धाकटा गाडीखालून बाहेर येऊन उभा राहिला होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि व्हॉल्व्ह पुन्हा हलवला.

"काय रे, वाजतोय का?"

खुळखुळ अगदी स्पष्ट येत होती. खरं ते धाकट्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर बाई उभ्या होत्या आणि फाटकात टायरवाला चहा पीत होता.

"नाही दादा," तो म्हणाला. "मेलाय."

नर्सबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. आजारी माणसं बघण्यातच त्यांची हयात गेली होती, त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. "मलाच भास झाला असेल," असं म्हणून त्यांनी किल्ली ठेवली आणि उद्या येते सांगून त्या गेल्या.

दादा त्यांचा चेहरा बघत होता. त्या गेल्यावर त्याने व्हॉल्व्ह मुठीत धरला, डोळे मिटले आणि सावकाश हलवला. कान होता तोवर बोटांकडे लक्ष द्यायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. आता दिलं. आतल्या पिनेचे ठोके त्याच्या बोटांना लागले.

"वाजतोय हा," तो म्हणाला.

धाकट्याची मान खाली गेली.

"कान गेला असेल तर गेला. ते मी गिळलं असतं रे. पण मी तुला विचारलं होतं."

"गिऱ्हाइकासमोर कसं सांगणार होतो, दादा..."

"बाईंना ऐकू येत होतं, तुला येत होतं. एकट्या मला येत नव्हतं. मग मी विचारायचं कुणाला?"

दादा ओरडला असता, पाना फेकून मारला असता, तर धाकट्याला बरं वाटलं असतं. त्याने नुसते हात धुतले, सदरा चढवला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

नर्सबाईंच्या गाडीचं काम धाकट्याने केलं. व्हॉल्व्ह उजेडात धरल्यावर दिसलं, की त्याच्या प्लॅस्टिकच्या मानेला केसाएवढी चीर गेली होती. तिथूनच हवा शिरून शिट्टी वाजत होती. आत पिन जिवंत, पण मान मोडलेली. दादानेच बसवताना जोर केला होता. "झाकणातल्या रबराला ऑइलचं बोट लाव, वळवत वळवत बसव, आणि टक् झालं तर थांब, मान गेली समज," हे धाकट्याला शिकवणाराही दादाच. ते टक् त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. धाकट्याने जुनं रबर काढलं, नव्याला ऑइलचं बोट लावलं, नवा व्हॉल्व्ह हलवून ऐकला आणि वळवत वळवत बसवला. पाइप चढवून क्लिप दाबली. गाडी सुरू केली तर ती शांत मांजरासारखी गुरगुरत राहिली. दादाच्या शाबासकीसाठी सवयीने मान वर करून बघितलं, तर समोर कुणी नव्हतं.

तो तीच गाडी घेऊन दादाच्या दारात गेला. दादा पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होता. धाकट्याने इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं आणि तो मोठ्याने म्हणाला, "मानेला चीर होती दादा. बदलला व्हॉल्व्ह. शिट्टी गेली बघ."

दादा उठला. इंजिनावर वाकला, सवयीने कान पुढे नेला आणि मध्येच थांबला. मग त्याने व्हॉल्व्हवर नुसता हात ठेवला.

"खरंच गेली?"

"खरंच."

दादाने धाकट्याकडे पाहिलं. लहानपणी धाकटा खोटं बोलला की दादा असाच बघायचा, आणि त्याला लगेच कळायचं. आता त्याला काही कळलं नाही. तो वळला आणि त्याने घरात हाक मारली. वहिनी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. गाड्यांमधलं तिला काडीइतकं कळत नव्हतं.

"अगं, जरा इकडे ये," दादा म्हणाला. "ऐक बरं. तुला शिट्टी ऐकू येते का?"

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने नजर चुकवली. तिने इंजिनाकडे कान देऊन बराच वेळ ऐकलं.

"नाही येत," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. "मग गेली असेल," असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने बॉनेट लावलं आणि तो पायरीवर जाऊन पुन्हा चपलेला टाके घालू लागला.