पोरांच्या घरी कोण कळवणार?

"आन् घरी कोन कळवनार?" हातातलं काळं फडकं खांद्यावर टाकत मिस्त्री विचारायचे, आणि माझं वाचन तिथंच अडायचं.

धारूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज. मी तेव्हा पोरांसाठी एक कादंबरी लिहीत होतो. किल्ल्याखाली एक राणी राहते, ती गावोगावची पोरं लगोरी खेळायला बोलावते, आणि जो हरेल त्याला खंदकातलं काळं पाणी ओढून नेतं, असा सगळा मामला. गिऱ्हाईक नसलं की एकेक प्रकरण मी मिस्त्रींना वाचून दाखवायचो. पहिल्याच प्रकरणात मी दोन पोरं बुडवली होती आणि स्वतःवर खूश होतो.

"लई भारी लिवलंय," मिस्त्री म्हणाले. "पन त्या पोरांच्या घरी कोन कळवनार?"

"मिस्त्री, जादूची गोष्ट आहे ही. त्यात घरचे येत नाहीत."

"पोरं हायेत म्हनल्यावर घर असंलच की."

तुम्हाला हा फाटे फोडण्याचा प्रकार वाटेल. मलाही वाटला होता. पण या माणसाचं दुसरं काम तुम्हाला सांगायला हवं. कुणी गेलं की बाहेरगावच्या नातेवाइकांना निरोप द्यायला लोक मिस्त्रींना बोलवायचे. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, हातातलं इंजिन उघडं टाकून ते निघायचे. एकदा माझीच गाडी तशी उघडी पडली होती आणि मी त्यांच्यावर जाम चिडलो होतो.

आता खिशाखिशात फोन आहेत. तरी गेलेल्याच्या आईला मिस्त्री फोनवर सांगू द्यायचे नाहीत. कुणी मोबाइल काढला की म्हणायचे, "मानूस कोसळलं तर धरनार कोन बे? फोन धरतोय का?"

त्यांची रीत ठरलेली. त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. आईला आधी खाली बसवायचं. मग म्हणायचं, "तब्येत जास्त हाय, चला." मेला हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. उरलेलं वाटेत आपोआप कळतं, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र लिहीत राहिलो आणि पोरं बुडवत राहिलो. शेवटी मिस्त्री वैतागले. "तू मारतोस आन् वळून बी बघत न्हाईस. मी न्हाई ऐकत आता." त्यानंतर त्यांनी खरंच ऐकलं नाही. चहा मात्र रोज पाजला.

गेल्या उन्हाळ्यात एका गाडीचं चाक काढता काढता ते खाली बसले आणि तिथंच आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांची अम्मी नांदूरघाटला लेकीकडे राहत होती. जमलेल्यांपैकी एकानं लेकीचा नंबर लावायला फोन काढला. मी त्याचा हात धरला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजवर अशा वेळी ज्यांच्याकडे बघायचं, ते आत पांढऱ्या चादरीखाली होते.

मीच गाडी काढली. केज ओलांडलं तरी मी त्यांची रीत घोकत होतो.

अम्मी अंगणात कोंबड्यांना ज्वारी टाकत होत्या. रस्ताभर घोकलेलं मी विसरलो आणि उभ्याउभ्याच बोलून गेलो, "अम्मी, मिस्त्रींची तब्येत जास्त आहे. चला."

त्यांनी ओंजळीतली सगळी ज्वारी एकदम खाली सोडली. मग भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि आपल्या आपण बसल्या.

"आदी बसवायचं असतंय, बाळा," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू आदी बसवायचं."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि पोरासारखा रडलो. त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

कादंबरी मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली आहे. राणीच्या खेळात पोरं अजूनही बुडतात. पण आता दर वेळी तेलकट हातांचा एक माणूस किल्ल्यातून बाहेर पडतो, त्या पोराचं घर शोधत जातो, आणि काही बोलण्याआधी त्याच्या आईला खाली बसवतो.