थांबायला जागा नसलेला पूल

ल माँ शहरातल्या मारीव्हॉनने लग्नानंतर कधी गाडी चालवली नव्हती. नवरा फिर्मँ ट्रक ड्रायव्हर होता, त्यामुळे तशी वेळच आली नाही. गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला आणि गाडीची चावी तिच्याकडे आली.

वसंतात दोघं सहलीचा बेत करायला नकाशा पसरून बसली. आधी शार्त्र, मग रूआँ, तिथून एत्रताचे समुद्राकाठचे उंच कडे आणि पुढे ऑनफ्लर. सेन नदीच्या मुखावरच्या उंच पुलापाशी तिचं बोट थबकलं.

"हा पूल नको."

"अगं, पूल काय चावतो? भरलेला ट्रक नेलाय मी त्याच्यावरून!"

"तू नेलास. मी नाही नेणार."

"घाबरट कुठली! मग घरीच बसू."

"पुलाची भीती नाही रे. शेजारी बसल्या बसल्या तुझं तोंड पुन्हा वाकडं झालं, तर तिथे मी गाडी थांबवू कुठे?"

फिर्मँ म्हणाला, "मलाही तीच धास्ती आहे. रोज डोळे उघडले की आधी बोटं हलवून बघतो."

गाडीसकट नेणाऱ्या बोटीने नदी ओलांडायची, असं ठरलं.

दोघं निघाली त्या दिवशी तिने चावी फिरवली. "बोलत राहा," ती म्हणाली, "गप्प बसलास की धडकी भरते."

शार्त्रच्या कॅथेड्रलचे मनोरे दिसेपर्यंत तो ट्रकच्या दिवसांतले किस्से सांगत राहिला. तिने एकही धड ऐकला नाही. त्याची जीभ अडखळत नाही ना, एवढंच ती ऐकत होती.