ढाक्याहून आल्यावर

ढाक्याहून परतल्यापासून दीपालीचं कशातच मन लागेना. कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची. भारत आणि बांगलादेश यांच्या तुलनेवर शोधनिबंध लिहायचा म्हणून महिनाभर तिकडे राहून आली होती. जाताना वाटलं होतं, तुलना ती कसली? आपल्याकडे आयटी, मॉल, उड्डाणपूल. तिकडे दरसाल पुरात बुडणारा गरीब देश.

पण पहिल्याच सकाळी ती रस्त्याकडेला उभी राहिली आणि बघतच राहिली. डबे घेतलेल्या पोरींचे थवेच्या थवे कपड्यांच्या कारखान्यांकडे भराभर चालले होते. आतला कोंदटपणा, तुटपुंजा पगार, सगळं तिनं नंतर पाहिलं. तरी त्या पोरींची ती चाल डोळ्यांपुढून हलेना.

आता पुण्यात घरी, वारज्याच्या फ्लॅटमध्ये वहिनी शालू, चांगली बी.कॉम. झालेली, शेंगा सोलत बसलेली दिसली की दीपालीला स्वस्थ बसवत नसे.

रविवारी जेवताना ती भावाला म्हणाली, "सौरभ, उत्पन्नात आपण पुढे. पण कामावर जाणाऱ्या बाया तिकडे वाढताहेत, आपल्याकडे घटताहेत."

"ग्रोथ रेट बघ ना आपला," हिंजवडीत नोकरी करणारा सौरभ म्हणाला. "आणि शालूला गरजच काय? माझं पॅकेज पुरतंय की."

"तिला विचारलंस?"

शालू पोळी वाढता वाढता थांबली. "ताई, त्या पोरी कामाला गेल्यावर घरचं कोण बघतं?"

तिकडच्या मालकांना, पुढाऱ्यांना दीपालीनं सतरा प्रश्न विचारले होते. हा सुचलाच नव्हता.

"तिकडचं मला ठाऊक नाही, इथं मी आहे," दीपालीची आई कांताबाई म्हणाली. "सौरभ, चौदा एप्रिलला बायकांच्या शिक्षणावर भाषण ठोकतोस, ते काय शेंगा सोलण्यासाठी?"

महिन्याभरात शालू कोथरूडच्या एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागली. सौरभ आठवडाभर कुरकुरला, मग आपला डबा आपणच भरू लागला.

शालू मात्र एका संध्याकाळी पर्स सोफ्यावर टाकून म्हणाली, "तुमच्या बांगलादेशानं कंबर मोडली माझी, ताई!"

"सोडून देतेस?"

"छे हो! नुसतं सांगतेय."

दीपाली हसली, पण निबंध काही पुरा होईना. कुठला देश पुढे, हे एका ओळीत लिहायला हात धजत नव्हता. शेवटी तिनं पुन्हा ढाक्याला जायचं ठरवलं, या वेळी शालूचा प्रश्न त्या पोरींनाच विचारायला.