जवाब येईपर्यंतचा वेळ

काश्मीरच्या उत्तरेला एका उंच पोस्टवर आमची अठरा जणांची तुकडी होती. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी नाईक, सिग्नल ऑपरेटर. माझ्या हाताखाली लान्स नाईक इनास. तो तोंडवलीचा, मी खाडीच्या अलीकडचा. एवढ्या बर्फात मालवणी बोलायला माणूस मिळाला, हेच माझं नशीब.

भरती झालो तेव्हा आईला शब्द दिला होता की रोज तेर्स म्हणेन. आमच्या घरी दिवेलागणीला जपमाळेची ती प्रार्थना चुकत नसे. पोस्टवर मात्र ती जमेना. ड्युटी, थंडी, आळस. आईच्या पत्राला उत्तर लिहिताना मी बेधडक लिहायचो, रोज म्हणतो. खोटं नको म्हणून मी एक हिशोबी उपाय काढला होता. रविवारी साडेदहाला बंकरच्या कोपऱ्यात गुडघे टेकायचे आणि आठवड्याच्या सातही तेर्सा एका दमात उरकायच्या. पाचवीपर्यंत जीभ जड व्हायची.

इनास हसायचा. "काय रे पास्कू, आठवड्याचो भात एकाच दिसा रांदतंस?"

त्याला मी कधी गुडघे टेकलेलं पाहिलं नाही. बुटाची नाडी बांधताना तो ओठातल्या ओठात एक 'नमान मारिये', मारियेची ती छोटी प्रार्थना, म्हणायचा, दुसऱ्या बुटाला दुसरी. दर तासाला खालच्या ठाण्याशी रेडिओ चेक असे. 'ओव्हर' म्हणून बटण सोडलं की पलीकडून उत्तर यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात तो पोस्टवरच्या एका जवानाचं नाव घ्यायचा. अठरा तासांत अठरा जण. स्वयंपाक्यालाही सोडत नसे.

"जवाब येयसर बसान काय करतलंस?" तो म्हणायचा. "तो येळ देवाचो."

मला ते फार फुटकळ वाटायचं. प्रार्थना म्हणजे मेणबत्ती, गुडघे, डोळे मिटलेले. हा तर कामात काम उरकत होता.

फेब्रुवारीतला एक रविवार. १०५० वाजता खालच्या ठाण्याकडे जाणारी टेलिफोनची लाइन बंद पडली. दुरुस्तीला जायचा नंबर माझा होता. मी कोपऱ्यात तिसऱ्या तेर्सेवर होतो. उठायला लागलो तर इनासने खांद्यावर हात ठेवला.

"तू तुझो भात रांद. मी जावन येतंय."

मी थांबलो. हे मी आजवर कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

इनास आणि सिपाही शिंदे छोटा रेडिओ सेट घेऊन निघाले. ११३० वाजता सेट बोलला. इनासच होता. उतारावरून बर्फ घसरला होता. शिंदे बाहेर होता, हातांनी खणत होता.

"मी छातीपर्यंत आत आसंय. पाय कळनत नाय. ओव्हर."

सुभेदार साहेब सातारचे, कमी बोलणारे. त्यांनी पाच मिनिटांत सहा जणांची पार्टी काढली. नेहमीची वाट बर्फाने बुजली होती, वळशाची वाट दीड तासाची होती. मला म्हणाले, "बॅटरी वाचव. दर दहा मिनिटांनी चेक. जास्त नाही."

मी चेक घेत राहिलो. अकरा चाळीस, ओके. अकरा पन्नास, ओके. बारा वाजता मी बटण सोडलं तेव्हा तो म्हणाला, "पास्कू, बारा वाजले?"

"वाजले."

"घंटा झाली असतली गावात. म्हण मगे."

आम्ही लष्कराच्या फ्रिक्वेन्सीवर चर्चची बाराची प्रार्थना म्हटली. एक ओळ मी, एक तो. शिस्तभंगच. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "चालू ठेव," म्हणाले.

बारा दहाला उत्तर आलं. बारा वीसला नुसता खरखरणारा श्वास. बारा तीसला मी 'ओव्हर' म्हणून बटण सोडलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'इनास'. गुडघे टेकलेले नव्हते, डोळे सेटवर होते. वाट बघत राहिलो. लॉगमध्ये लिहिलं, उत्तर नाही.

एक वाजता पार्टी पोचली. शिंदे वाचला. त्याच्या दहाही बोटांची नखं गेली होती.

मे महिन्यात मी इनासची ट्रंक घेऊन तोंडवलीला गेलो. त्याची आई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. नंबर माझा होता, हेही. बोलताना रडू आवरेना.

ती बराच वेळ सोलं पसरत राहिली. मग विचारलं, "एकटो होतो?"

"बारा वाजता माझ्याशी बोलत होता. आम्ही बाराची म्हटली."

तिचे हात थांबले. "त्या आयतवारी बाराक मी हंयच उभी होतंय. घंटा आयकान म्हणी होतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मगे आमी तिघां होतंव रे. उठ, हात धू. जेवन जा."

घरी जाऊन आईलाही तेर्सांचं खरं सांगितलं. ती म्हणाली, पत्रावरून कळत होतं.

आता माझ्या पायात बूट नसतात, चप्पल असते. पेज उकळताना, बस येईपर्यंत, फोन लावल्यावर पलीकडून कुणी उचलेपर्यंत एकेकाचं नाव घेतो. सुभेदार साहेब गेले, त्यांचंही घेतो. पहिलं नाव कुणाचं, ते कधी ठरवावं लागलं नाही. लान्स नाईक इनास. त्याच्या जवाबाची मी अजून वाट बघतो आहे.